लाईट गेली की डेटाबेसची सेटिंग उडते (काटा सॉफ्टवेअर, मायएसक्यूएल ५.७)

गठाणवाला · शुक्रवार, रात्री ९.१५

राम राम मंडळी. केळापूर तालुक्यातल्या एका जिनिंगवर काट्याचं कॉम्प्युटर सांभाळतो. कापसाची गाडी आली की भरल्या गाडीचं वजन, खाली झाली की रिकाम्या गाडीचं वजन, पावती, आणि संध्याकाळी शेतकरीनिहाय आवक काढून मालकाच्या टेबलावर ठेवायची. खाली डेटाबेस मायएसक्यूएल ५.७, वर विंडोज १०. सगळं सॉफ्टवेअरवाल्यांनीच बसवून दिलेलं.

त्रास असा. शेतकरीनिहाय रिपोर्ट काढला की एरर १०५५ येते. मजकुरात 'ओन्ली_फुल_ग्रुप_बाय' असं लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवर सांगितलं, वर्कबेंच (मायएसक्यूएल हाताळायचा प्रोग्रॅम) उघडा, सर्व्हरच्या व्हेरिएबल्समध्ये 'एसक्यूएल_मोड' शोधा, त्यातून तेवढा शब्द काढा. काढला. रिपोर्ट निघाला. संध्याकाळी कॉम्प्युटर शटडाऊन करतो, सकाळी लावतो, तरी रिपोर्ट निघतो. म्हणजे सेटिंग सेव्ह झालेली आहे. पण मधेच लाईट गेली की सेटिंग पुन्हा जशीच्या तशी जुनी. युपीएसची बॅटरी कधीच मेली आहे आणि आमच्याकडे लाईटचं काय सांगावं!

सॉफ्टवेअरवाले आता म्हणतात तुमची हार्डडिस्क सेटिंग धरून ठेवत नाही, बदला. ऐन हंगामात डिस्क बदलायची म्हणजे काटा बंद. त्याआधी इथे विचारतो. एक सांगतो, पावती आजवर एकही गायब झालेली नाही.

सरकी_ढेप · शुक्रवार, रात्री ९.४०

भाऊ, हार्डडिस्क कायले बदलता? बॅटरी बदला आन् मोकळे व्हा. लाईट गेली तरी कॉम्प्युटर बंद नाई पडणार, सेटिंग उडाचा सवालच नाई. मालकाले म्हणा एका गाडीच्या मापात जेवढा फरक पडते तेवढ्याची बॅटरी येते 😄

नेटकॅफे_आर्वी · शुक्रवार, रात्री १०.०५

व्हायरस असेल. असे खूप पाहिले. सरळ सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाका. नाहीतर कोणीतरी डीप फ्रीझसारखं काही टाकून ठेवलं असेल, त्यात रिस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत होतं. आमच्या कॅफेत आम्हीच टाकलेलं आहे, पोरं काहीही डाऊनलोड करतात म्हणून.

कडुनिंब · शुक्रवार, रात्री ११.२०

फॉरमॅटचं नाव कोणी काढू नका, काट्याचा डेटा आहे तो.

डीप फ्रीझची शंका चांगली आहे, पण ते असतं तर पावत्याही गेल्या असत्या आणि साध्या शटडाऊननंतरही सेटिंग गेली असती. इथे दोन्ही होत नाही.

डिस्कबद्दलही तेच. मायएसक्यूएलचं इनोडीबी (डेटा साठवणारा भाग) प्रत्येक व्यवहार पक्का करताना आधी लॉगमध्ये डिस्कवर उतरवतं. 'इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट' ही किंमत मुळातच १ असते, तिचा अर्थच तो. लाईट गेली तर पुन्हा चालू होताना त्या लॉगवरून तो स्वतःला सावरतो. गठाणवाला भाऊंच्या पावत्या टिकतात त्या यामुळे. डिस्क लिहीत नसती तर पहिला फटका पावत्यांना बसला असता.

मग सेटिंगच का जाते? कारण ती डिस्कवर लिहिलेलीच नाही. वर्कबेंचच्या व्हेरिएबल्सच्या पडद्यावर बदल केला की तो आतून 'सेट ग्लोबल' ही आज्ञा चालवतो. ती चालत्या सर्व्हरच्या मेमरीत बदल करते, फाईलला हात लावत नाही. सर्व्हर उठताना माय.आयएनआय ही फाईल वाचतो आणि जे तिथे आहे ते धरतो, तिथे काही नसेल तर स्वतःच्या मूळ किमती. ५.७ मध्ये एसक्यूएल_मोडच्या मूळ किमतीत ओन्ली_फुल_ग्रुप_बाय आहेच.

(आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय. तुम्ही टाकताना इंग्रजी अक्षरांतच टाका.)

गठाणवाला · शनिवार, सकाळी ८.३०

कडुनिंब सर, पटलं पण अर्धंच. मेमरीत असेल तर रोज संध्याकाळी शटडाऊन केल्यावर जायला पाहिजे ना? जात नाही. फक्त लाईट गेल्यावरच जाते. सॉफ्टवेअरवाल्यांना मी हेच सांगतो तेव्हा ते हार्डडिस्कवर येतात.

कडुनिंब · शनिवार, सकाळी ८.५०

हे विचित्र आहे खरं. शटडाऊन म्हणजे नक्की शटडाऊनच करता ना, स्लीप नाही?

गठाणवाला · शनिवार, सकाळी ८.५५

स्टार्ट, पॉवर, शटडाऊन. मग भिंतीवरचं बटणही बंद करतो. वायरी उंदीर कुरतडतात म्हणून मालकाची ताकीद आहे.

धानाचा_कोंडा · शनिवार, सकाळी ९.३०

मी मूलकडचा, राईस मिलमध्ये अकाउंट पाहतो. आमच्याकडे पोस्टग्रेस (दुसरा एक डेटाबेस) आहे आणि थोडा उलटा प्रकार झाला होता. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ फाईलमध्ये 'वर्क_मेम' (कामाच्या मेमरीची मर्यादा) वाढवलं, सेव्ह केलं, रिस्टार्ट केलं, तरी जुनीच किंमत. फाईल उघडली तर त्यात नवी दिसते! शेवटी कळलं की आधीच्या माणसानं कधीतरी 'आल्टर सिस्टिम' ही आज्ञा चालवली होती. ती आज्ञा पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ अशा वेगळ्या फाईलमध्ये लिहिते आणि ती फाईल शेवटी वाचली जाते, म्हणून तिचंच खरं ठरतं. 'पीजी_सेटिंग्ज' मध्ये 'सोर्सफाईल' नावाचा रकाना आहे, त्यात कुठल्या फाईलमधून किंमत आली ते सरळ दिसतं. मायएसक्यूएलमध्ये असं काही असेल तर पाहा.

कडुनिंब · शनिवार, सकाळी ९.४५

५.७ मध्ये तशी सोय नाही. मायएसक्यूएल आठमध्ये परफॉर्मन्स स्कीमात 'व्हेरिएबल्स_इन्फो' आहे. आल्टर सिस्टिमचा मुद्दा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे, पोस्टग्रेसमध्ये तो ९.४ पासून आला, २०१४ साली.

वाशिमकर_ताई · शनिवार, सकाळी १०.४०

गठाणवाला दादा, मला एक शंका आहे. आज सकाळपासून लाईट गेलेली नसेल तर एक करा. वर्कबेंचमध्ये ही आज्ञा टाका आणि काय येतं ते इथे लिहा:

शो ग्लोबल स्टेटस लाईक 'अपटाईम';

कॉम्प्युटर आज किती वाजता लावला तेही सांगा.

गठाणवाला · शनिवार, सकाळी ११.०५

कॉम्प्युटर नऊच्या आसपास लावला. ताई, अपटाईमसमोर ४१०३१२ आलंय.

वाशिमकर_ताई · शनिवार, सकाळी ११.२५

मला हेच वाटत होतं.

हा आकडा सेकंदांत असतो. नऊला लावलेल्या मशीनवर तो साडेसात हजारांच्या आसपास हवा. तुमचा ४,१०,३१२ आहे, म्हणजे चार दिवस, अठरा तासांना एक-दोन मिनिटं कमी. आज शनिवार, अकरा वाजून गेलेत. मागे मोजत गेलं तर सोमवारी संध्याकाळी पाचच्या थोडं पुढे येतो. सोमवारी त्या सुमारास तुमच्याकडे लाईट आली होती का?

गठाणवाला · शनिवार, सकाळी ११.३५

अरे देवा. हो! सोमवारी साडेचारला गेली आणि पाच वाजता आली. काट्यावर गाडी उभी होती, मागे लाईन लागली होती म्हणून पक्कं आठवतं. तुम्हाला वाशिममध्ये बसून कसं कळलं?

सरकी_ढेप · शनिवार, सकाळी ११.४०

ताई अंगात आल्यावानी सांगून रायल्या बाप्पा 😂

वाशिमकर_ताई · शनिवार, दुपारी १२.१०

अंगात नाही हो, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसमध्ये हेच झालं होतं, तिथे प्रिंटरच्या सर्व्हिसमुळे.

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची गोष्ट आहे आणि ती बहुतेक मशीनवर आपोआप चालू असते. आपण शटडाऊन म्हणतो तेव्हा विंडोज आपलं लॉगिन बंद करतं, उघडे प्रोग्रॅम बंद करतं. पण खालचा गाभा आणि त्याच्यासोबत चालणाऱ्या सर्व्हिसेस (पडद्यामागचे प्रोग्रॅम) बंद करत नाही. त्यांची मेमरीतली स्थिती जशीच्या तशी हायबरफिल.सिस या फाईलमध्ये उतरवून ठेवतं आणि सकाळी तिथूनच उचलतं. म्हणून मशीन लवकर सुरू होतं. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी फरक पडत नाही, कारण ती फाईल डिस्कवर असते.

तुमचं मायएसक्यूएल सर्व्हिस म्हणून चालतं. तेव्हा रोज संध्याकाळी ते बंदच होत नाही, झोपतं आणि सकाळी उठतं. मेमरीत केलेला 'सेट ग्लोबल' त्याच्यासोबत झोपतो आणि उठतो. लाईट अचानक गेली की झोपायला वेळच मिळत नाही. मग लाईट आल्यावर सगळं शून्यापासून सुरू होतं आणि सर्व्हर मूळ किमती घेऊन उठतो.

पडताळून पाहायचं असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू. तिथेही अप टाईम दिसतो, तोही चार दिवसांच्या वर असेल.

कडुनिंब · शनिवार, दुपारी १२.३०

ताई, मानलं. हे माझ्या डोक्यातच आलं नसतं, मी सर्व्हरवर काम करतो, तिथे शटडाऊन कोण रोज करतं!

याची दुसरी बाजूही आहे, ती जास्त छळते. माणूस माय.आयएनआय मध्ये बरोबर बदल करतो, मशीन शटडाऊन करून पुन्हा लावतो आणि बदल लागू होत नाही. मग म्हणतो फाईल सेव्ह होत नाही. सर्व्हिस नव्याने उठलेलीच नसते, तर फाईल वाचणार कधी? अशा वेळी 'रिस्टार्ट' निवडायचं, कारण रिस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. शिफ्ट दाबून शटडाऊनवर क्लिक केलं तरी पूर्ण बंद होतं. आपल्या कामाला सर्व्हिसेस.एमएससी मधून फक्त मायएसक्यूएलची सर्व्हिस रिस्टार्ट केली तरी पुरे.

गठाणवाला · शनिवार, दुपारी २.४५

टास्क मॅनेजर पाहिला, चार दिवसांच्या वरच आहे. म्हणजे डिस्क बरी आहे. मालकाला सांगितलं, ते खूश.

आता ही सेटिंग कायमची कशी करू? सी ड्राइव्ह, प्रोग्रॅमडेटा, मायएसक्यूएल, मायएसक्यूएल सर्व्हर ५.७ असं जाऊन माय.आयएनआय सापडली. बदलली, पण नोटपॅड सेव्ह करू देत नाही, परवानगी नाही म्हणतं.

कडुनिंब · शनिवार, दुपारी ३.१०

नोटपॅडवर राईट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', मग त्यातून फाईल उघडा. सेव्ह ॲज केलंत तर खाली 'ऑल फाईल्स' निवडा, नाहीतर माय.आयएनआय.टीएक्सटी होते. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन लपवलेलं असेल तर दोन्ही फाईली सारख्याच दिसतात. पण थांबा. आधी सर्व्हर नक्की कुठली फाईल वाचतो ते पाहा. सर्व्हिसेस.एमएससी, मायएसक्यूएलवर डबल क्लिक, 'पाथ टू एक्झिक्युटेबल'. त्यात 'डिफॉल्ट्स-फाईल' च्या पुढे जो पत्ता असेल तीच फाईल. बाकी कितीही माय.आयएनआय असोत.

गठाणवाला · शनिवार, दुपारी ३.३५

त्यात डी ड्राइव्हचा पत्ता आहे. सॉफ्टवेअरवाल्यांच्याच फोल्डरमध्ये मायएसक्यूएल नावाचं फोल्डर आणि त्यात माय.आयएनआय. मग प्रोग्रॅमडेटातली कोणाची?

कडुनिंब · शनिवार, दुपारी ३.५०

आधी कधी दुसरं काही बसवलं असेल त्याची. तिला हात लावू नका.

डी ड्राइव्हवरच्या फाईलची आधी एक प्रत काढून ठेवा. मग आत पाहा, चौकटी कंसात 'मायएसक्यूएलडी' असं लिहिलेला भाग सापडेल. ओळ त्याच भागात टाकायची. बरेच जण फाईलच्या अगदी शेवटी टाकतात आणि तिथे 'मायएसक्यूएलडम्प' किंवा 'क्लायंट' चा भाग चालू असतो. तिथली ओळ सर्व्हर वाचत नाही. एसक्यूएल_मोडची ओळ आधीपासून असेल तर तीच बदला, दुसरी घालू नका. एकच सेटिंग दोनदा आली तर शेवटची धरली जाते आणि मग दोन महिन्यांनी कोणी वरची बदलून डोकं धरून बसतं.

ओळीत 'स्ट्रिक्ट_ट्रान्स_टेबल्स' आणि बाकीचे शब्द राहू द्या, फक्त ओन्ली_फुल_ग्रुप_बाय वगळा. अख्खी किंमत रिकामी ठेवायला सांगणारे खूप भेटतील. तसं केलं तर शेतकऱ्याचं नाव रकान्यापेक्षा लांब असेल तर सर्व्हर मुकाट्यानं कापून साठवतो, चूक दाखवत नाही.

सेव्ह केल्यावर सर्व्हिस रिस्टार्ट, मग 'सिलेक्ट @@ग्लोबल.एसक्यूएल_मोड' करून पाहा. काटा सॉफ्टवेअरही बंद करून उघडा, कारण आधीपासून जोडलेलं कनेक्शन आपली जुनीच किंमत घेऊन चालतं.

रिसोड_कृषीसेवा · शनिवार, सायंकाळी ५.२०

धागा वाचून माझंही विचारून घेतो. बियाणं-खताच्या दुकानाचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर आहे, डेटाबेस मायएसक्यूएल नाही, त्याचीच काही फाईल आहे. मी माझ्या लॉगिनवर डेटाचा पत्ता आणि प्रिंटर बदलतो, सेव्ह होतं. मुलगा त्याच्या लॉगिनवर उघडतो तर जुनं. मग तो बदलतो, मला माझंच दिसतं. भूतबाधा म्हणावी काय?

वाशिमकर_ताई · शनिवार, सायंकाळी ५.५०

काका, सॉफ्टवेअर प्रोग्रॅम फाईल्समध्ये आहे ना? आणि जुनं, ३२ बिटचं?

व्हिस्टापासून विंडोज साध्या लॉगिनला प्रोग्रॅम फाईल्समध्ये लिहू देत नाही. पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ते लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवतं: ज्या त्या युझरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये. प्रोग्रॅमला वाटतं मी माझ्याच फाईलमध्ये लिहिलं. तुमची एक प्रत, मुलाची दुसरी, आणि मूळ फाईल तिसरी. तुमच्या लॉगिनमध्ये व्हर्च्युअलस्टोअर उघडून पाहा, तिथे त्या सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर सापडेल.

सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर सरळ वेगळ्या फोल्डरमध्ये नव्यानं बसवा, दोघांना त्या फोल्डरची लिहिण्याची परवानगी द्या. पण त्याआधी दोन्ही लॉगिनमधल्या व्हर्च्युअलस्टोअरची प्रत काढा. डेटाची फाईलही तशीच वळली असेल तर तुमची बिलं एका ठिकाणी आणि मुलाची दुसऱ्या ठिकाणी असतील.

रिसोड_कृषीसेवा · शनिवार, रात्री ८.१५

सापडलं ताई. बिलं एकत्र आहेत, डेटा डी ड्राइव्हवर होता म्हणून वाचलो. फक्त सेटिंगच्याच दोन फाईली झाल्या होत्या. लय आभार.

गठाणवाला · शनिवार, रात्री ८.४०

इकडे सर्व्हिस चालूच होईना! ओळ टाकली, रिस्टार्ट केलं, एरर येऊन थांबली. जुनी प्रत परत ठेवली तेव्हा चालू झाली. आता रात्री गाड्या नाहीत म्हणून बरं.

कडुनिंब · शनिवार, रात्री ८.५५

डेटा फोल्डरमध्ये तुमच्या कॉम्प्युटरच्या नावाची, .ईआरआर शेपटीची फाईल असेल. तिच्या तळाशी शेवटच्या ओळी वाचा. ओळ टाइप केली की कुठून उचलून चिकटवली?

गठाणवाला · शनिवार, रात्री ९.१०

सॉफ्टवेअरवाल्यांनी वर्डच्या फाईलमध्ये पाठवली होती, तिथून चिकटवली. लॉगमध्ये एसक्यूएल_मोडची किंमत समजत नाही असं काहीतरी आहे.

कडुनिंब · शनिवार, रात्री ९.२०

वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करतं. नोटपॅडमध्ये सारखीच दिसतात, सर्व्हरला ती वेगळीच अक्षरं आहेत. हातानं टाइप करा, अवतरणचिन्हं टाकूच नका, ती लागत नाहीत. आणि सेव्ह करताना खाली एन्कोडिंग 'एएनएसआय' ठेवा. 'युटीएफ-८ विथ बीओएम' झालं तर फाईलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण बसते आणि सर्व्हर पहिल्याच ओळीवर अडतो.

गठाणवाला · शनिवार, रात्री ९.५०

झालं!! सर्व्हिस उठली, ग्लोबलमध्ये तो शब्द नाही, रिपोर्ट निघाला. आता मेन स्विच पाडून पाहू का?

सरकी_ढेप · शनिवार, रात्री ९.५५

पाडू नका राजेहो. उद्या इकून तिकून लाईट जाईनच, तवा पायजा.

दर्यापूर_ते_पुणे · रविवार, सकाळी १०.३०

उशिरा आलो, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यांनी मिळून सेटिंग टिकवली. पण ती एरर कशासाठी येत होती ते कोणीच विचारलं नाही.

ओन्ली_फुल_ग्रुप_बाय हा काही खोडसाळपणा नाही. शेतकरीनिहाय गट करायचा आणि त्यासोबत असा रकाना दाखवायचा ज्याची गटात एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत, तर सर्व्हर विचारतो की यातलं कुठलं दाखवू? तुम्ही तो शब्द काढला की तो विचारणं बंद करतो आणि त्यातलं कुठलंही एक उचलून दाखवतो. कुठलं उचलेल याची काही शाश्वती नाही.

गठाणवाला, तुमच्या रिपोर्टमध्ये भावाचा रकाना आहे का? कापसाचा भाव सकाळी एक आणि दुपारी एक असतो. एखाद्या शेतकऱ्याच्या दोन गाड्या दोन भावांनी आल्या असतील तर त्याच्या ओळीत काय दिसतं ते बघा.

गठाणवाला · रविवार, दुपारी १२.१५

बघितलं. एका शेतकऱ्याची एक गाडी १२.४० क्विंटल, भाव ७,२००. दुसरी ८.६० क्विंटल, भाव ७,०५०, ओलावा जास्त होता. रिपोर्टमध्ये वजन २१.०० आणि भाव ७,२००. रक्कम मात्र १,४९,९१० बरोबर आहे.

दर्यापूर_ते_पुणे · रविवार, दुपारी १२.४०

रकमेची बेरीज होते म्हणून ती बरोबर. भाव मात्र हवा तो उचलला. आता मालकानं तो कागद हातात घेऊन २१ ला ७,२०० नं गुणलं तर १,५१,२०० येतात. १,२९० रुपयांचा फरक आणि शंका तुमच्यावर! उलट जर त्यानं ७,०५० उचलला असता तर शेतकरी भांडायला आला असता.

सॉफ्टवेअरवाल्यांना सांगा, भावाच्या जागी एकूण रक्कम भागिले एकूण वजन दाखवा, सरासरी ७,१३८.५७ येईल. नाहीतर भावाप्रमाणे वेगळी ओळ काढा, म्हणजे गट करताना शेतकरी आणि भाव दोन्ही घ्या. दुरुस्ती एका ओळीची आहे. ती न करता ग्राहकाला सर्व्हरची सेटिंग बदलायला लावणं मला पटत नाही, आणि वर हार्डडिस्कला दोष!

कडुनिंब · रविवार, दुपारी १.०५

शंभर टक्के मान्य. मात्र सॉफ्टवेअरवाले हंगामात हलणार नाहीत हे गृहीत धरून चला, तोवर सेटिंग राहू द्या.

हिवरखेडचा_संत्रा · रविवार, दुपारी ३.३०

विषय थोडा वेगळा. आमच्या संत्रा मंडीच्या प्रोग्रॅममध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. 'सेट नेम्स युटीएफ८एमबी४' केलं की त्या वेळेपुरतं ठीक, पुन्हा उघडलं की तेच. ही पण सेव्ह न होणारी सेटिंगच ना?

वाशिमकर_ताई · रविवार, दुपारी ४.००

ती सेव्ह व्हायची नसतेच, दादा. 'सेट नेम्स' त्या एका कनेक्शनपुरतं असतं. प्रोग्रॅम सर्व्हरशी जोडताना जी कनेक्शनची ओळ वापरतो त्यात कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) युटीएफ८एमबी४ लिहायला हवा, आणि टेबलाचे रकानेही त्याच सेटचे हवेत. ५.७ मध्ये न सांगता बनवलेला डेटाबेस लॅटिन१ चा होतो, आठपासून युटीएफ८एमबी४ चा.

एक वाईट बातमी. टेबलात खरोखर प्रश्नचिन्हं साठली असतील तर ती नावं गेली, परत येत नाहीत, पावत्यांवरून पुन्हा भरावी लागतील. प्रश्नचिन्हांऐवजी इंग्रजीतली टोप्या घातलेली अगम्य अक्षरं दिसत असतील तर मात्र नावं शाबूत आहेत, ती परत आणता येतात. आधी 'हेक्स' लावून (अक्षरांचे आतले आकडे दाखवून) एक नाव तपासा. ३एफ ३एफ ३एफ दिसलं तर प्रश्नचिन्हंच.

हिवरखेडचा_संत्रा · रविवार, सायंकाळी ५.१०

३एफ च आहे सगळीकडे 😞 बरं झालं, फक्त यंदाचीच नावं आहेत. वेगळा धागा काढतो.

गठाणवाला · बुधवार, रात्री ९.३०

खबर देतो. काल दुपारी आणि आज सकाळी लाईट गेली, आल्यावर पहिला रिपोर्टच काढून पाहिला, निघाला. दर्यापूरकरांनी सांगितलेली भावाची गोष्ट मालकाला दाखवली, त्यांनी स्वतः सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी नवा रिपोर्ट आला. भावनिहाय ओळी येतात. त्यांना म्हटलं, आता ती सेटिंग परत मूळची करू का? म्हणाले, करा.

केली. माय.आयएनआय मधली ओळ काढली, सर्व्हिस रिस्टार्ट. रिपोर्ट निघतो, एरर नाही.

फास्ट स्टार्टअप ठेवू की काढू?

कडुनिंब · बुधवार, रात्री १०.००

काट्याच्या मशीनवर काढा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' टाका. सकाळी सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, पण जे बंद केलं ते बंद झालं एवढी खात्री राहते. लॅपटॉप असता तर हायबरनेटही जातं म्हणून विचार करा म्हटलं असतं.

आणि ५.७ ला आता सुधारणा मिळत नाहीत, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते संपलं. हंगाम उरकला की सॉफ्टवेअरवाल्यांकडून आठवर जा. जाताना जुनी माय.आयएनआय तशीच उचलून नेऊ नका. एसक्यूएल_मोडमध्ये 'नो_ऑटो_क्रिएट_युझर' असेल तर आठचा सर्व्हर उठतच नाही, तो शब्द त्यांनी काढून टाकला आहे.

धानाचा_कोंडा · गुरुवार, सकाळी १०.२०

आठवरून आठवलं. शेजारच्या मिलमध्ये आठ आहे. तिथे माय.आयएनआय मध्ये 'मॅक्स_कनेक्शन्स' (एका वेळी किती जोडण्या चालतील) ३०० केलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली, फाईलही बरोबर तीच, भागही मायएसक्यूएलडीचाच. तरी २०० च दाखवतं. मूळची तर १५१ असते ना? मग हे २०० आलं कुठून?

वाशिमकर_ताई · गुरुवार, सकाळी १०.५०

तुमच्या पोस्टग्रेसच्याच गोष्टीची बहीण आहे. आठमध्ये 'सेट पर्सिस्ट' आलं. ते मेमरीत तर बदलतंच, शिवाय डेटा फोल्डरमधल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ मध्ये लिहून ठेवतं. ती फाईल सगळ्यांत शेवटी वाचली जाते, म्हणून माय.आयएनआय ची हार होते. कोणीतरी पूर्वी २०० पर्सिस्ट केलं असणार. 'रीसेट पर्सिस्ट मॅक्स_कनेक्शन्स' करा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. ऑटोची फाईल हातानं उघडून बदलू नका, ती जेसॉन या ठरावीक पद्धतीत लिहिलेली आहे, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर सर्व्हर उठणार नाही.

मारियाडीबी (मायएसक्यूएलमधून फुटून निघालेला डेटाबेस) असेल तर त्यात सेट पर्सिस्ट नाही. झॅम्प (डेटाबेस, वेब सर्व्हर एकत्र बसवणारं पॅकेज) वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, झॅम्पमध्ये नाव मायएसक्यूएल दिसतं पण आत मारियाडीबी असतं.

धानाचा_कोंडा · गुरुवार, सकाळी ११.४०

रीसेट केलं, ३०० आलं. ताई, तुमच्या वाशिमला येतो तेव्हा मूलचे पोहे घेऊन येतो.

सरकी_ढेप · गुरुवार, सकाळी ११.४५

मंग आमाले काय? धागा तर आमीच वर ठेवून रायलो 😄